भाऊजींचे एकोणीस उल्लेख

जगात कुणावरही विश्वास ठेवू नये, हे शिकवणारं विद्यापीठ उद्या निघालं, तर त्याचं कुलगुरुपद आमच्या भाऊजींकडे आपोआप चालून येईल. आणि भाऊजी ते नाकारतील, कारण आपोआप चालून आलेल्या गोष्टीवर त्यांचा काडीचा भरवसा नाही. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. मूळचे नातेपुत्याचे, पण निम्मं आयुष्य सोलापुरात गेलं. इथल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात ते शिकवतात. डॉक्टर आहेत, पण नाडी बघणारे नव्हेत. माणसं आजारी का पडतात, कुठल्या गावात जास्त पडतात, हे मोजत हिंडणारे. शुक्रवार पेठेत राहायला आले तेव्हा शेजारपाजारच्यांनी मोठ्या आशेनं सर्दी-खोकल्यासाठी दार वाजवून बघितलं. भाऊजींनी औषध दिलं नाही, उलट घरात माणसं किती, खिडक्या किती, पाणी कुठलं, असे पंचवीस प्रश्न विचारले आणि शेवटी "तुम्ही खरं सांगताय कशावरून?" असा सव्विसावा टाकला. तेव्हापासून पेठेतली सर्दी दुसऱ्या डॉक्टरांकडे जाते.

हा स्वभाव लग्नाआधीचाच. अक्काला बघायला आले तेव्हा मी तेरा वर्षांची. आईनं चुरमुऱ्यांचा सुशीला केला होता आणि रीतीप्रमाणे "सगळं आमच्या पोरीनंच केलंय" असं सांगितलं होतं. हात धुवायच्या निमित्तानं भाऊजी मागच्या अंगणात आले आणि मला गाठून म्हणाले, "सुशीला कुणी केला गं?" मी ठरल्याप्रमाणे म्हटलं, "अक्कानं." "बरं. चुरमुरे भिजवले किती वेळ?" आता हे मला कुणी पढवलं नव्हतं. मी घाबरून सांगून टाकलं, की आईनं केलाय आणि अक्का तेव्हा साडी नेसत होती. ते आत गेले, उरलेला सुशीला संपवला आणि होकार देऊन मोकळे झाले. पुढे कितीतरी वर्षांनी मी कारण विचारलं. तर म्हणाले, "पयल्या प्रश्नाला सगळं जग खोटं बोलतं. तुमच्या घरात दुसऱ्याला खरं निघालं. लई झालं की." एरवी भाऊजींचं बोलणं अगदी वर्गात शिकवल्यासारखं असतं, पण माणूस रागावला, हरखला किंवा त्याला संशय आला, की नातेपुतं वर येतं. म्हणजे दिवसातून बरेचदा येतं.

दुधाचं माप लावून ते रोज दूध तपासतात. रोज पाणी निघतं. "मग दूधवाला बदला की," असं अक्का वैतागून म्हणाली, तर यांचं उत्तर तयार: "ह्याचं पाणी किती, ते मला ठाऊक हाय. नव्या माणसाचं पहिल्यापासून मोजायला लागंल." मी सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. एकदा ते आमच्याकडे आले आणि कपाटासमोर उभं राहून म्हणाले, "यातली खरोखर वाचलेली किती?" मी म्हटलं, "भाऊजी, लोक नेतात आणि परत आणतात, मधलं मी कसं सांगू?" त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच घोटाळा केलाय. खरं सांगायचं तर ग्रंथपालाला सगळं कळतं. न वाचलेलं पुस्तक परत येताना माणूस त्याची जास्त तारीफ करतो. पण हे मी भाऊजींना कशाला सांगू? आधीच त्यांना झोप कमी.

त्यांच्या संशयाचं मोठं शेत म्हणजे त्यांचा व्यवसाय. संशोधकाच्या जगात माणसाची किंमत त्याच्या छापलेल्या लेखांवर ठरते आणि लेखाची किंमत उल्लेखांवर. म्हणजे तुमचा लेख छापून आला. पुढे दुसऱ्या कुणी त्याच विषयावर लिहिताना शेवटच्या संदर्भयादीत तुमचं नाव घातलं, की तुम्हाला एक उल्लेख मिळाला. हे सगळं संगणकावर आपसूक मोजलं जातं, कुणालाही बघता येतं, आणि बढतीच्या वेळी समिती तेच बघते. भाऊजींचे लेख तसे मोजकेच. बहुतेकांना दोन-तीन उल्लेख, त्यातला एक स्वतः भाऊजींचाच. पण एका लेखानं मात्र नाव काढलं होतं. मंगळवेढा तालुक्यातल्या गावांमध्ये चुलीचा धूर आणि बायकांचा खोकला, असा तो विषय. घरात चूल असलेल्या बायका किती खोकतात आणि अंगणात चूल असलेल्या किती. या एका लेखाला एकोणीस उल्लेख होते. भाऊजी सकाळी अंघोळ करून देवाला हात जोडायच्या आधी संगणक उघडून ते एकोणीस जागेवर आहेत ना, हे बघत.

दुसरा कुणी असता तर एकोणीस उल्लेखांनी फुलून गेला असता. भाऊजी प्रत्येक नव्या उल्लेखाबरोबर खचत. "ह्यानं माझं नाव का घातलं?" पंधरावा उल्लेख आला तेव्हा अक्कानं शिरा केला होता. तो गार होईस्तोवर भाऊजी त्या लेखकाचं काय काम अडलं असेल याचा विचार करत बसले. उल्लेख करणाऱ्यांच्या त्यांनी जाती पाडल्या होत्या: परतफेड मागणारे, वरिष्ठांना खूश करणारे आणि न वाचताच नाव ठोकणारे. वाचून नाव घालणारा, अशी जातच त्यांच्याकडे नव्हती. शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याचे लेख सपाट्यानं यायचे. त्यावर भाऊजी म्हणत, "मेथीची एक जुडी सोडतो आणि पाच बांधतो हा. देठ त्येच, पानं तीच." आणि रोज येणारी ती आर्जवी निमंत्रणं! 'परमआदरणीय महोदय, आपल्या महान लेखणीसाठी आमचं नियतकालिक आसुसलेलं आहे.' अशा एका नियतकालिकानं त्यांना माशांच्या रोगांवरचे संपादक व्हा म्हणून विनवलं. सोलापूरच्या माणसाला मासे! भाऊजींनी उलट लिहिलं, "तुमच्या कार्यालयाच्या समोर काय आहे, ते कळवा." उत्तर आलं नाही. आठ दिवस भाऊजी त्या न आलेल्या उत्तरावर खूश होते.

न वाचणाऱ्यांबद्दल तर त्यांच्याकडे पुरावाच होता. लेख मूळ चोवीस ते अठ्ठावीस या पानांवर छापला होता. कुण्या पहिल्या महाभागानं संदर्भ देताना चुकून बेचाळीस ते अठ्ठेचाळीस लिहिलं. त्यानंतरच्या चौदा जणांनी इमानेइतबारे तेच उतरवलं. एका रविवारी त्यांनी मला बोलावून घेतलं, एकोणीसच्या एकोणीस याद्या पुढ्यात टाकल्या आणि तांबडी पेन्सिल हातात दिली. "तू मोज. माझ्या मोजण्यावर माझा विश्वास हाय, पर दुसरा माणूस पायजे." मी मोजले. पहिला सोडून चौदाच निघाले. "बघ," ते म्हणाले, "एकानं तरी पान उघडलं असतं, तर कळलं असतं. अगं, कुणी वाचलाच न्हाय." त्यांचा चेहरा तेव्हा विजयी दिसायला हवा होता, पण तो तसा नव्हता. मला वाईट वाटलं आणि मी म्हटलं, "भाऊजी, मी वाचलाय की तुमचा लेख. छान आहे." ते नुसते हसले. दुसरा प्रश्न त्यांनी विचारला नाही, हे त्यांचे माझ्यावर उपकार.

गेल्या वर्षी भाऊजींच्या प्राध्यापकपदाची मुलाखत ठरली. आधी दोनदा बढती हुकली होती. निवृत्ती जवळ आलेली, म्हणजे ही शेवटचीच. तयारी म्हणजे तो एक लेख आणि त्याचे एकोणीस उल्लेख. बाकी सगळं तोंडी लावण्यापुरतं. मुलाखतीला तीन आठवडे असताना एक ई-मेल आला. मराठीत होता. मंगळवेढ्याजवळच्या एका उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी लिहिलं होतं, की त्या बाहेरून पदवीचा अभ्यास करताहेत आणि त्यासाठी त्यांनी सरांचा लेख दोनदा वाचला. "तिसऱ्या पानावर आपण लिहिता एक आणि तक्ता सांगतो उलटं. माझ्या गावात तरी घरात चूल असणाऱ्या बायकाच जास्त खोकतात. माझं चुकत असेल तर समजावून सांगावे."

भाऊजी तडक माझ्या वाचनालयात आले. भर दुपार, सोलापूरचं ऊन, आणि हा माणूस टोपीशिवाय. "दोनदा म्हणती! एकदा कुणी वाचला न्हाय, आन् ही दोनदा वाचती? हिच्यामागं कोणतरी हाय. मुलाखत तोंडावर आली की बरोबर पत्र आलं!" मेथीच्या जुड्यावाल्यावर त्यांचा वहीम होता. मी म्हटलं, "अहो, आधी तक्ता तर बघा." "तक्ता मी स्वतः टाइप केलाय," ते म्हणाले, "दुसऱ्यावर भरवसा नको म्हणून. छापायच्या आधी कुणाला तपासायला पण दिला नव्हता." आणि बाईंचं खोटं उघडं पाडायला त्यांनी माझ्या टेबलावर पिशवीतून लेख काढला. तिसरं पान बघितलं. मग तक्ता. मग पुन्हा तिसरं पान.

तक्त्याच्या दोन रकान्यांची नावं उलटी पडली होती. 'घरात'च्या जागी 'अंगणात' आणि 'अंगणात'च्या जागी 'घरात'. मजकुरात सगळं बरोबर होतं. वाचणाऱ्याला दहा मिनिटांत कळावं असं. पण वाचलं कुणी? अकरा वर्षांत भाऊजींनी स्वतःसुद्धा तो लेख पुन्हा उघडला नव्हता. उल्लेख तेवढे रोज बघितले होते. पंख्याखाली त्यांच्या कपाळावरून घामाची धार लागली. मी पाणी दिलं, ते त्यांनी न तपासता प्यायलं. तेव्हा मला भीती वाटली.

आम्ही दोघांनी ते एकोणीस लेख पुन्हा काढले, या वेळी आतला मजकूर वाचायला. बहुतेकांनी नुसतं नाव घातलं होतं, कामाचं काही नव्हतं. पण तिघांनी तक्ता उचलला होता आणि त्यातल्या एकानं सरळ सल्ला दिला होता, की अंगणातली चूल जास्त त्रासदायक दिसते, सबब ती घरात घ्यावी. भाऊजी ते वाक्य बोट ठेवून पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

आता माझी गोष्ट सांगते, लाज वाटते तरी सांगते. मी म्हटलं, "भाऊजी, दुरुस्ती पाठवायची ती पाठवाच. पण मुलाखत होऊ द्या. तीन आठवड्यांनी काय बिघडतंय? अकरा वर्षं कुणाला कळलं नाही." त्यांनी माझ्याकडे संशयानं बघितलं, आणि पहिल्यांदाच मला तो बोचला. संध्याकाळी घरी अक्काला हे कळलं. अक्का कधी त्यांच्या कामात पडत नाही. तिनं हातातलं लाटणं खाली ठेवलं आणि म्हणाली, "तुमच्या कागदावर विसंबून कुणी बाई अंगणातली चूल आत नेली, तर? ती तीन आठवडे थांबून खोकणार आहे का?" त्याच रात्री भाऊजी दुरुस्तीचं पत्र लिहायला बसले.

तरीही भाऊजी भाऊजीच. दुरुस्ती पाठवायच्या आधी त्यांना ती बाई खरोखर आहे का, हे बघायचं होतं. रविवारी आम्ही एसटीनं मंगळवेढ्याला गेलो. गाडी मंगळवेढ्यालाच जाते ना, हे त्यांनी पाटी वाचून, कंडक्टरला विचारून आणि एका म्हाताऱ्या प्रवाशाला विचारून पक्कं केलं. तिथून वडापच्या जीपमध्ये कोंबून गावात. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, कणसं भरलेली. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या आणि पुढं कडुलिंब. नर्सबाई तिशीच्या, कपाळावर घाम, हातात लसीचा डबा. मी भाऊजींचं नाव सांगितलं, तसा त्यांचा रंगच उडाला. "सर, तुमी स्वतः आला? माझं काय चुकलं का?"

भाऊजींनी नमस्कारसुद्धा केला नाही. "लेख तुम्हाला कुणी दिला?" "कुणी न्हाय सर. शोधला." "कितवं पान म्हणालात?" "तिसरं. म्हंजी छापील सव्वीस." अचूक! भाऊजींचे डोळे बारीक झाले. "तुमच्याकडची प्रत दाखवता का?" बाईंनी टेबलाच्या खणातून ती काढली. ती प्रत बघून मी ग्रंथपाल असल्याचं सार्थक झालं. कोपरे मऊ पडलेले, घडीवर चिकटपट्टी लावलेली, इंग्रजी शब्दांच्या डोक्यावर पेन्सिलीनं मराठी अर्थ, आणि कडेला बारीक अक्षरात लिहिलेलं: 'हे आपल्याकडे पण', 'मुलं कुठे बसतात, विचारलं नाही', 'सखूबाईला दाखवायचं'. भाऊजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. एकेक पान उलटायला त्यांना इतका वेळ लागला, की बाहेर लसीला आलेली बाळं रडायला लागली. मग ते माझ्याकडे वळले आणि बारीक आवाजात म्हणाले, "वाचलाय गं हिनं."

बाई बिचाऱ्या अजून घाबरलेल्याच. भाऊजी त्यांना म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. माझं चुकलं." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं, अक्कानंही ऐकलं नसेल. बाईंनी चहा केला. भाऊजींनी दूध कुठलं, हे विचारलं नाही. निघताना बाई धीर करून म्हणाल्या, "सर, एक इचारू? शेवटी आभाराच्या यादीत एक नाव हाय, त्या कोण वो?" भाऊजी चप्पल घालत होते. "सांगतो कधीतरी," म्हणाले आणि जीपकडे चालायला लागले. मला अर्थातच काही कळलं नाही, कारण मी आभार वाचले नव्हते. मी काहीच वाचलं नव्हतं.

सोमवारी सकाळी दुरुस्तीचं पत्र गेलं. तक्ता उचलणारे ते तिघं होते, त्यांनाही भाऊजींनी वेगवेगळं लिहिलं. नियतकालिकानं लेखाच्या डोक्यावर ठळक अक्षरात 'तक्त्यात चूक होती' असं चिकटवलं आणि ते नेमकं मुलाखतीच्या चार दिवस आधी. समितीतल्या एकानं तेच पान उघडून विचारलं, "तुमचा सर्वांत महत्त्वाचा लेख म्हणजे हाच ना?" भाऊजी म्हणाले, "होय." प्राध्यापकपद मेथीच्या जुड्यावाल्याला मिळालं. त्याच्यावर भाऊजींनी एक शब्दही काढला नाही, तेव्हा अक्का रडली. एकोणिसाचे वीस काही अजून झालेले नाहीत आणि सकाळी अंघोळीनंतर भाऊजी आता सरळ देवासमोर उभे राहतात.

निकाल लागल्यानंतरच्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले होते. अक्का ज्वारी निवडत होती, मी तिला हातभार लावत होते. भाऊजी ते पाच पानांचे कागद घेऊन खुर्चीवर बसले होते. मी म्हटलं, "भाऊजी, मला वाचून दाखवता का? मी खोटं बोलले होते तुमच्याशी." "ठाऊक हाय," ते म्हणाले. अक्का म्हणाली, "मलाही कळेल असं वाचा." मग त्यांनी पहिल्या ओळीपासून मराठीत सांगत सगळा लेख वाचला. कुठली गावं, किती घरं, चूल पेटवताना बाई तोंड कशी फिरवते, डोळे पुसायला पदर कसा घेते. तक्त्यापाशी थांबून त्यांनी दोन्ही रकाने नीट उलटवून सांगितले. मग या अभ्यासाच्या मर्यादा आल्या. आपण काय काय विचारायला विसरलो, कुठं कमी पडलो, हे त्यांनी एक अख्खं पान भरून लिहिलं होतं. स्वतःवर इतका संशय घेणारा माणूस मी दुसरा बघितलेला नाही. हे लिहिलेलं आमच्या घरात अकरा वर्षं पडून होतं आणि आम्ही त्यांना विक्षिप्त म्हणून हसत होतो, याचं मला फार वाईट वाटलं.

"आणि आभार," भाऊजी म्हणाले. महाविद्यालयाचे, गावांचे, फॉर्म भरणाऱ्या मुलींचे. मग ते जरा थांबले. अक्का म्हणाली, "पुढं वाचा की."

"आणि नातेपुत्याच्या हौसाबाईंचे," त्यांनी वाचलं, "ज्यांच्या खोकल्यामुळे हा प्रश्न पडला."

अक्काचा हात ज्वारीत तसाच राहिला. हौसाबाई म्हणजे तिच्या सासूबाई. शेवटची दोन वर्षं त्या याच घरात खोकत होत्या आणि अक्कानंच त्यांचं सगळं केलं होतं. "अहो," ती म्हणाली, "मला कधी बोलला नाहीत."

भाऊजींनी कागद नीट जुळवले, घडी घातली.

"छापलं हुतं की," ते म्हणाले. "अकरा वर्षं झाली."